जड व्हाल, गुडघे जातील: एका मेसेजचा समाचार

मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की रनिंगच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: ‘धावणाऱ्याने फक्त धावावं. वजनं उचललीत तर अंग जड होतं, जोरात पळालात तर गुडघे जातात. संथ लयीत किलोमीटर वाढवत राहा.’

‘अंग जड होतं.’ स्नायू फुगवायचे तर भरपूर सेट (फेऱ्या), भरपूर रेप्स (एका फेरीत तोच व्यायाम किती वेळा) आणि खर्चापेक्षा जास्त खाणं लागतं. आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याला हे सहसा जमतच नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात धावपटूंनी ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा जड हाफ स्क्वॉट (वजन घेऊन अर्धं बसून उठणं) मारले. ४ सेट, प्रत्येकात चारच रेप्स. ठरावीक वेगाने धावायला लागणारा ऑक्सिजन सुमारे ५ टक्क्यांनी घटला. शरीराचं वजन? होतं तिथेच.

हौशी माणसाला आठवड्यातून दोनदा पुरे: ५-६ रेप्सचे ३ सेट, मध्ये ३ मिनिटं विश्रांती, आणि सेट संपल्यावर अजून एक-दोन रेप्स निघाल्या असत्या इतकंच वजन. पहिले तीन-चार आठवडे मात्र हलक्या वजनावर नुसता फॉर्म बसवा. बहुतेकांचं चुकतं ते असं, की २ किलोचे डंबेल्स घेऊन दम लागेपर्यंत वीस-वीस रेप्स. दम धावताना लागतोच की! दुसरी चूक म्हणजे लाँग रनच्या आदल्या दिवशी स्क्वॉट. ते इंटरव्हलच्याच (मध्ये थांबत जोरात पळण्याच्या) दिवशी संध्याकाळी उरका, म्हणजे सोपा दिवस खरोखर सोपा राहतो.

‘गुडघे जातात.’ सवय नसताना एकदम ८०० मीटरचे आठ रिपीट मारले तर दुखणारच. सुरुवात स्ट्राइड्सने, म्हणजे छोट्या वेगवान धावांनी करा: सोप्या रननंतर २० सेकंदांचे ४, पूर्ण जोराच्या जरा आत, मध्ये श्वास खाली येईपर्यंत चालणं. तीन आठवड्यांनी ६. मग छोट्या चढावर दहा-दहा सेकंद. चढावर पाऊल कमी उंचीवरून पडतं, आघात कमी बसतो. तिथे पोटरी आधी कुरकुरते. तिच्यासाठी पायरीच्या कडेवर गुडघा किंचित वाकवून टाचा उचला, १२ चे ३ सेट.

‘संथ किलोमीटर पुरेत.’ हे अर्धं खरं आहे, पाया तोच. पण साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायचा असतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात आणि भरून येतात ते त्यामुळेच. सपाट रस्ता ही सवय लावत नाही. २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर ३ सेकंद घेत खाली या, दर पायाला ८ वेळा, ३ सेट. उतरताना गुडघा आत झुकत असेल, तर आधी पायरी बुटकी घ्या.