शाहूपुरीतला आमचा जिना

पाडव्यानंतर कोल्हापुरातल्या शाहूपुरीतली आमची बिल्डिंग पाडली. तळमजला आणि वर तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. परवा तिकडून जाताना पत्र्याच्या कुंपणाआड नुसता खड्डा दिसला. मला तिथं थांबवेना.

आधीच सांगतो, ती पाडायलाच हवी होती. कॉलमचं काँक्रीट सुटून गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळं दोन वर्षं खाली उतरल्या नव्हत्या. रिडेव्हलपमेंटच्या कागदावर मी खुशीनं सही केली. माझं दुखणं वेगळं आहे.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्याही वर गेली. आम्ही तळमजल्यावर राहायचो. रात्री पाणी गल्लीत शिरलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वैनी जिन्यातूनच ओरडल्या, "सामान ऱ्हाऊ दे, आधी आईंना वर आणा!" त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं, सहा दिवस. पाणी उपसायची केंद्रंच बुडाल्यामुळं नळ कोरडे. गच्चीवर पिंपं मांडून पावसाचं पाणी धरलं. शिरोलीजवळ हायवे बंद, भाजी येणार कुठनं? कुणाचे तांदूळ, कुणाचं बेसन, असं करून पिठलं-भात व्हायचा. रात्री सगळे जिन्यात बसायचे आणि आई टॉर्च मारून पायऱ्या मोजायची. पाणी सातव्या पायरीवर थांबलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा वैनी गावाला होत्या. तरी आम्ही त्यांच्याच घरात गेलो, कारण त्यांची किल्ली कायम आमच्याकडं असायची.

वैनींचं आमचं नातं काय? काहीच नाही. त्यांचे पाहुणे वेगळे, आमचे वेगळे. पण येता-जाता तो एकच जिना, आणि उन्हाळ्यात ती एकच गच्ची. एप्रिलमध्ये बाराही घरांच्या मिरच्या तिथं वाळत पडायच्या, बेडगी एका बाजूला, संकेश्वरी दुसऱ्या. वळीव आला की ज्याच्या पायात बळ तो आधी वर पळायचा, आणि मिरची कुणाची आहे हे न बघता गोळा करायचा. मग डंकावरनं चटणी कांडून आली की पहिली वाटी शेजारी. पुरात ज्या घरात आम्ही बिनधास्त शिरलो, त्या घराचं दार असं वर्षानुवर्षं उघडत आलं होतं.

आता करार बघा. दीड वर्ष मीटिंगा झाल्या. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस म्हणजे बिल्डरनं प्रत्येक घराला द्यायची एकरकमी रक्कम किती, भाडं किती महिने, पार्किंग कुणाला, यावर भांडणं झाली. गच्चीवर कुणी एक वाक्य बोललं नाही. मीही नाही, आणि तेच मला खातंय. मंजूर प्लॅनमध्ये वरच्या दोन फ्लॅटना खासगी टेरेस आहे, उरलेल्या जागेत सोलर आणि टाक्या. जिना आहे, पण लिफ्टमागं, अंधारा, नियमापुरता. सरकारी नियमात सामाईक मोकळी जागा ४००० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटना सोडावी लागते. पेठांतल्या, शाहूपुरी-राजारामपुरीतल्या लहान प्लॉटना ती आपणच मागायला पाहिजे. मागितली तर मिळते की नाही हे नंतर बघू. आम्ही मागितलीच नाही.

मनात आणलं तर हे शहर असल्या गोष्टींची मापं काढतं. किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईपर्यंत पोचावीत म्हणून वाटेतल्या बांधकामांचे अडथळे आपण मोजतोच की.

आता राजारामपुरीतल्या आत्याच्या बिल्डिंगला बिल्डर आलाय. कराराचा मसुदा तिनं मला वाचायला पाठवला. मी तीन गोष्टी लिहून दिल्या: गच्ची पूर्ण सामाईक, जिन्याला खिडक्या आणि उजेड, तळाला पार्किंगमध्ये न मोजलेला एक कट्टा. आत्यानं वाचलं आणि चौथी स्वतःच्या हातानं लिहिली, "गच्चीची किल्ली प्रत्येक घरात." रविवारी मीटिंग आहे. मी जाणार आहे.