जीभ दाखवा!

शाळेत दातांची तपासणी झाली आणि आमच्या पहिलीतल्या चिरंजीवांच्या डायरीत लाल शाईचा शेरा आला: 'जिभेवर पांढरा थर. पालकांनी लक्ष द्यावे.' ज्या वर्गात दर दोन दिवसांआड कोणाचा तरी वाढदिवस असतो आणि चॉकलेटं वाटली जातात, त्यांनी मला लक्ष द्यायला सांगावं! बरं, तपासणी संपल्यावर पोरांना खाऊ काय दिला, तर क्रीमचं बिस्कीट.

तर धरमपेठेतला दवाखाना. नंबर यायला वेळ होता. बाजूच्या खुर्चीतल्या काकांनी माझ्या हातातली डायरी मान तिरकी करून पूर्ण वाचली.

"जीभ नाई घासत का पोट्टं?"

"दोनदा ब्रश करतो."

"ब्रशाचं नाई विचारून राहिलो, भाऊ. जीभ!"

काकांनी शर्टाच्या खिशातून, पेनाला खेटून ठेवलेली तांब्याची जिभी काढली. दुसऱ्या खिशात खर्र्याची पुडी होती आणि दातांवर तिचा कायमचा रंग. "चरकानं लिहून ठेवलं हाय. सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ." खरंच लिहिलंय. पण ती धारदार नसावी, असंही तिथेच लिहिलंय. काकांच्या जिभीनं सुपारी कातरता आली असती. तंबाखूबद्दल काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं!

"अन् आवाज आला पायजे. ओऽऽक! पुरी गल्ली जागी झाली पायजे."

पुरा दवाखाना जागा झाला. समोरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता तुमची दाखवा."

"माझी?"

"बापच नाई घासन, तर पोट्टं कायले घासन?"

मोठ्या माणसाला नाही म्हणवत नाही, या संस्काराचं मी काय करावं? दाखवली. काउंटरवरची मुलगीही वाकली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वेळ घेतला आणि एवढंच म्हणाले, "हं." शिवी दिली असती तर चाललं असतं. त्या 'हं'चा अर्थ मी अजून लावतोय.

शेवटी नंबर लागला. दार मी मुद्दाम उघडंच ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थर म्हणजे अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जंतू. तोंडाचा वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातूनच येतो. लहान मुलांना मऊ ब्रश पुरे. मागून पुढे, हलक्या हातानं, दोन-तीनदा फिरवायचा, मग चूळ. "ओकारी येईपर्यंत खोल जायची काही गरज नाही," हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

मग त्यांनी टॉर्च लावला. "आऽ कर बेटा." जीभ बाहेर आली. भडक नारिंगी.

"दवाखान्यात येताना पण गोळी दिली तुम्ही?"

"त्या आजोबांनी दिली," चिरंजीव जीभ बाहेर ठेवूनच बोलले. "बाबा जीभ दाखवत होते ना, तेव्हा."

बाहेर काका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.