मला दोन 'व्ही' पुरले

आमच्या ऑफिसात अधूनमधून खोटी फिशिंग मेल (पासवर्ड उकळणारे भामटे पाठवतात तशी) पाठवून कोण गळाला लागतंय ते बघतात. परवा मी लागलो. मेलचा विषय होता, 'तुमच्या शिल्लक रजा आज रात्री रद्द होतील.' रजेवर बेतल्यावर कुणी स्पेलिंग तपासत बसतं का?

लिंक दाबली, लॉगिनचं पान उघडलं, ते हुबेहूब आमचंच. आता खरी लाजेची गोष्ट. एरवी न सांगता पासवर्ड भरून मोकळा होणारा माझा पासवर्ड मॅनेजर त्या दिवशी ढिम्म हलेना. पत्त्यातल्या 'डब्ल्यू'च्या जागी दोन 'व्ही' खेटून बसले होते आणि 'साधारण तसंच दिसतंय की' हे त्याला जमत नाही. तो अक्षर न् अक्षर जुळवतो. मी "याची नेहमीचीच नाटकं" म्हणत त्याच्या पोटातून पासवर्ड कॉपी केला आणि तिथे चिकटवला. म्हणजे रखवालदार चोराला किल्ली देईना, तर मी त्याच्या खिशात हात घालून ती काढली आणि चोराच्या हातावर ठेवली.

पुढे वाचनात आलं, की २००६ साली संशोधकांनी २२ जणांना खऱ्याखोट्या वेबसाइट ओळखायला बसवलं होतं. त्यातल्या सर्वांत बेमालूम खोट्या साइटने ९० टक्के लोकांना गंडवलं, तेही याच दोन 'व्हीं'च्या जोरावर. मला फसवायला ताजी युक्तीसुद्धा लागू नये!

वेबसाइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचं तर विचारूच नका. ते असलं की वाटेत कुणी चोरून ऐकत नाही, एवढंच. पलीकडचा सज्जन आहे असं नव्हे. चोराशीही अगदी खासगीत बोलता येतं. लोक भलताच अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूप बदलून दुसरंच चिन्ह आणलं. मला त्याचाही धीर वाटतो.

दुसऱ्या दिवशी मेल आली : 'सक्तीचं प्रशिक्षण. २४ तासांत इथे क्लिक करा, अन्यथा खातं बंद.' पाठवणारी कंपनी अनोळखी, घाई भलती, वर धमकी. मी गालात हसलो आणि मेल डिलीट केली. दिवसभर छाती फुगलेली.

तिसऱ्या दिवशी फोन. "आयटीतून बोलतोय. तुमचं प्रशिक्षण राहिलंय. मेल नाही मिळाली?"

"तुम्ही आयटीतलेच कशावरून?" मी दरडावलं.

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "थांबा, लिंक पाठवतो."