नऊ अक्षरांची फाशी

भाची आर्ट कॉलेजला गेली आणि फासावर चढलो मी. म्हणजे झालं असं की परीक्षेसाठी तिला चित्रकलेतले शब्द पाठ करायचे होते, एकटीला कंटाळा येतो म्हणून तिने त्या शब्द ओळखायच्या ऑनलाइन गेमची लिंक मला पाठवली. "सोप्पं आहे रे मामा, एकेक अक्षर टाकायचं, सहा चुकली की माणूस लटकला." डोकं, धड, दोन हात, दोन पाय, झाले सहा.

मी फोंडा-पणजी रोज अप-डाऊन करतो. खिडकीची सीट मिळाली की पहिला शब्द उघडायचा, आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत माझे दोन्ही पाय लटकलेले. शब्द इंग्रजी असते तर काहीतरी जमलं असतं हो, पण हे निम्मे इटालियन. इम्पास्टो म्हणजे जाड रंगाचा थर, मी तो पास्त्याचा प्रकार समजून बसलो. स्फुमातो म्हणजे धुरासारख्या विरघळलेल्या कडा, मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्याला आहेत तशा. माझा चष्मा काढला की अख्खी पणजी स्फुमातो. टेम्पेरा म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, हे मी घरी मोठ्याने वाचलं आणि बायको म्हणाली, "श्रावण चालू आहे, निदान तोंडाने तरी नको."

पेंटिमेंटोने मात्र मला घायाळ केलं. दहा अक्षरं. मूळ अर्थ पश्चात्ताप. चित्रकाराने मन बदलून आधीचं काढलेलं झाकायचं आणि वर्षांनी ते वरच्या रंगातून डोकवायला लागायचं. अरे, हे तर आमच्या हॉलमध्ये आहे! पोपटी भिंतीवर मी क्रीम कलर मारून घेतला होता, पैसे वाचवायला एकच हात. दोन पावसाळ्यांत टीव्हीच्या मागून पोपटी परत आला. आता पाहुण्यांनी विचारलं की मी सांगतो, पेंटिमेंटो आहे. बायको म्हणते पश्चात्ताप बरोबर आहे, फक्त तो मला झाला पाहिजे.

मग आला तो नऊ अक्षरांचा. क्लू होता, ओल्या गिलाव्याचा वरचा थर खरवडून आतला रंग दाखवायची पद्धत. मी ए टाकला, ओ टाकला, ई टाकून हात घालवला. एफ दोनदा असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? रायबंदरला पोचेपर्यंत मेलो. उत्तर, स्ग्राफितो. सुरुवातीलाच स आणि ग असा जोडून, तोंडात घास असल्यासारखा.

चार दिवसांनी मोरजीला गेलो होतो, तिथे मोरजाईच्या देवळात भिंतीपाशी उभा राहिलो आणि उडालोच. पांढऱ्यावर तांबड्या वेली, फुलं, नक्षी, अगदी नाक लावून बघितलं तर पांढरी रेघ तांबड्यापेक्षा नखभर खोल. कावी! लहानपणापासून कितीदा पाहिलेली. शिंपल्यांचा चुना, वाळू, त्यात गूळसुद्धा, वर तांबडा थर, आणि ओलं आहे तोवर टोकदार लोखंडाने खरवडायचं. म्हणजे ज्या शब्दासाठी मी रायबंदरला जीव दिला ते काम आमच्या देवळात चालत आलेलं, तेही गूळ घालून.

भाचीला तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "मामा, हे आम्हाला शिकवलंय." बरं. मग मी गप्प बसलो का? गेममध्ये स्वतःचा शब्द टाकता येतो, तो टाकला. क्लू दिला, चुना, गूळ आणि तांबडा रंग. पोरीला उत्तर पहिल्या मिनिटाला माहीत, पण स्पेलिंगमध्ये ए एक की दोन, व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की दोन ई, यात डोकं गेलं, धड गेलं, दोन्ही हात गेले, एक पायही गेला. रात्री अकराला मेसेज आला, "मामा, हे चीटिंग आहे."

एक पाय अजून शिल्लक होता तिचा. मी रिप्लाय दिला नाही.