बाल्कनीच्या काचेवरच्या पांढऱ्या डागांबद्दल आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की बाल्कनीच्या काचेवरचे पांढरट पट्टे तसेच राहिले, काच साफ करायला आलेल्या आमच्या पोरांनी 'नुसत्या पाण्याने' काम उरकलं आणि व्हिनेगर हातात देऊनही त्यांनी ते वापरलं नाही. फोटो टाकलेत ते बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

आधी पाण्याचं सांगतो. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, एवढंच आम्ही घालतो. यात काटकसर नाही. काच पुसल्यावर जे पट्टे दिसतात ते बहुतेक वेळा न निघालेल्या साबणाचे असतात. निळा स्प्रे भरपूर मारून फडक्याने घासला की अर्धा काचेवरच वाळतो. संध्याकाळी काच छान वाटते, सकाळी तिरकं ऊन आलं की सगळं उघडं पडतं. पाथर्डी फाट्याकडे बांधकामांची धूळ जास्त, आणि ती म्हणजे बारीक वाळूच. कोरडी घासली तर काचेवर चरे पडतात, म्हणून आधी काच भरपूर ओली करायची. मग रबरी वायपर एका दमात ओढायचा, प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं आणि कडेचं पाणी मायक्रोफायबरने टिपायचं. आमची पोरं बाहेरून उभा वायपर ओढतात आणि आतून आडवा. रेघ राहिलीच, तर कुठल्या बाजूची ते लगेच कळतं.

तुमच्या फोटोतले डाग उभेही नाहीत आणि आडवेही नाहीत. काचेच्या खालच्या भागात, कुंड्यांच्या उंचीपर्यंतच, ठिपके आणि त्यांचे ओघळ आहेत. झाडांना बोअरचं पाणी घालताना उडालेले हे थेंब आहेत. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असलेलं पाणी पिण्याच्या मानकातही बसतं, पण तेच काचेवर वाळलं की लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार मागे राहतो. वर्षानुवर्षं थर चढत जातात. घरीच करून बघा: त्या जागी ओलं फडकं फिरवा. काच ओली असेपर्यंत डाग दिसणार नाही, वाळली की पुन्हा हजर. साबणाने तो जात नाही, कितीही घासा. सुपरवायझरने काम सुरू करण्याआधी हे तुम्हाला दाखवलं होतं, फोटोही तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.

व्हिनेगरने क्षार सुटतो, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तुमच्या खिडकीखालची पट्टी कडाप्प्याची आहे. कडाप्पा हा चुनखडीचाच दगड, त्यावर आम्ल ओघळलं की पॉलिश जातं आणि फिकट डाग कायमचे बसतात. संगमरवराचंही तेच. पोरांनी नाही म्हटलं ते मी सांगून ठेवलंय म्हणून, आणि उद्याही ते नाहीच म्हणतील. हे काम सावकाश करायचं असतं. खाली प्लास्टिक आणि जाड टॉवेल अंथरायचा, व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू डागावर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचा, मग धुऊन शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. डाग फार जुना असेल तर काचच खाल्लेली असते. तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही, पॉलिशिंग लागतं, आणि त्यानेही काच पहिल्यासारखी होईल असा शब्द मी कोणाला देत नाही.

'यांना कामच येत नाही' हे वाक्य मात्र लागलं. ही पोरं दिवसभर हात वर करून उभी असतात, आणि परक्याच्या घरातल्या दगडाचीसुद्धा काळजी करतात. त्यांच्याबद्दल एवढं लिहिणं मला गरजेचं वाटलं.

आता पुढचं. मी स्वतः येतो. बाल्कनीच्या काचेवर तळहाताएवढी जागा आधी करून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. डाग निघाला आणि तुम्हाला पटलं तरच पुढे, दर आधी सांगून. यायचं मात्र सकाळी लवकर, कारण तापलेल्या काचेवर पाणी ओढायच्या आत वाळतं. तोवर झाडांना शक्यतो नळाचं पाणी घाला, कुंड्या काचेपासून हातभर पुढे सरकवा आणि थेंब उडालेच तर ओले असतानाच टिपून घ्या. रविवार सोडून कुठलाही दिवस बुकिंगच्याच नंबरवर कळवा.