झडतीचे कारण विचारणे हा गुन्हा नाही

महाल भागात एकट्या राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा रात्री साडेदहाला फोन करून विचारले, "पोलीस आता केव्हाही घरात शिरू शकतात म्हणे, मग आतून कडी लावू की नको रे?" तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणाऱ्या संदेशाचे म्हणणे असे, की १ जुलै २०२४ पासून झडतीला वॉरंट लागत नाही, कारण विचारले तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागतो आणि पंच पोलिसांचेच असतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईची झोप उडवणारा हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही कायदा उघडून पाहिलेला दिसत नाही.

पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागते. त्या दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार वॉरंटविना झडती घेता येते. मात्र ही मुभा नवी नाही, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ मध्येही ती होती. शिवाय ती मोकाट नाही. तपासाला आवश्यक वस्तू त्या घरात आहे आणि एरवी ती वेळेत हाती लागणार नाही, असे मानण्याची कारणे अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायची असतात, वस्तूही शक्य तितकी नेमकी नोंदवायची असते आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. घरमालकाने अर्ज केल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडून ती प्रत विनामूल्य मिळते.

सर्वांत घातक दावा दुसरा, कारण तो माणसाचे तोंडच बंद करतो. सरकारी कामात अडथळ्याच्या ज्या गुन्ह्याला लोक जुन्या दंड संहितेतील कलमावरून अजून 'तीनशे त्रेपन्न' म्हणतात, त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. दार अडवून धरू नये, हे खरे, पण "कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी आलात?" हा प्रश्न त्यात कसा बसेल? ठाणेदार स्वतः न येता हाताखालच्याला पाठवतो, तेव्हा कुठे आणि काय शोधायचे याचा लेखी आदेश त्याला द्यावाच लागतो. कायद्याने जे लिहून द्यायला लावले, तेच आपण विचारतो. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूरनमल खटल्यात म्हटले आहे. म्हणून नंतर हळहळण्यापेक्षा दारातच विचारलेले बरे.

पंचांबाबत नव्या संहितेचे कलम १०३ स्पष्ट आहे: त्याच वस्तीतील किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी, आणि तसे कोणी मिळाले नाही तरच बाहेरचे. कलम १०५ नुसार झडतीचे चित्रीकरणही आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

आत्याला मी कडी लावायला सांगितले. सकाळी जाऊन तिच्या कॅलेंडरमागे मोठ्या अक्षरांत लिहून आलो: पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, लेखी आदेश, शेजारचे दोन पंच, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत.