अजून एक संघटना नकोय, आहे तिने उत्तर द्यायला शिकावं

सकाळी ग्रुपवर मेसेज आला, ग्रंथपालांची नवीन संघटना काढतायत. खाली यादी. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहसचिव, प्रसिद्धीप्रमुख, सगळी पदं भरलेली, लोगोसुद्धा तयार. काम काय करणार ते शोधलं तर एक वाक्य सापडलं, "ग्रंथपालांच्या सर्वांगीण विकासासाठी". आणि त्याखाली अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. माझं डोकं फिरलंय, म्हणून सगळी कामं बाजूला टाकून लिहितेय.

आपल्याकडे संघटनांची कमी आहे का खरंच? सार्वजनिक लायब्ररीवाल्यांची वेगळी, कॉलेजवाल्यांची वेगळी, शाळेतल्यांची वेगळी, त्यात फूट पडून झालेली अजून एक वेगळी. प्रत्येकीची वर्गणी, प्रत्येकीचं अधिवेशन, प्रत्येकीची स्मरणिका. आणि एकटा ग्रंथपाल अडचणीत सापडला की सगळ्या गप्प.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. शाळेच्या लायब्ररीत एकट्या. देवघेव त्याच करणार, कॅटलॉगिंग त्याच करणार, फाटलेली पुस्तकं चिकटवणार त्याच. मुलांनी स्वतःच्या हाताने पुस्तक काढावं, चाळावं, नको वाटलं तर परत ठेवावं म्हणून त्यांनी हट्टाने सगळी कपाटं उघडी केली, आणि मुलं यायला लागली, नुसती गर्दी व्हायची मधल्या सुट्टीत. मग साठा पडताळणी झाली. काही पुस्तकं सापडली नाहीत. मोकळी कपाटं असली की थोडी पुस्तकं जाणारच हे या क्षेत्रातल्या कुणालाही माहीत असतं, पण व्यवस्थापनाने सांगितलं, गहाळ पुस्तकांचे पैसे तुमच्या पगारातून कापणार. ताई एका संघटनेच्या आजीव सभासद. त्यांनी सगळं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर म्हणून काय आलं माहितीये? अधिवेशनाचा नोंदणी फॉर्म.

ताईंनी पैसे भरले. आणि कपाटांना कुलपं लावली. आता मुलं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून देतात.

मला सांगा, त्यांना हवं काय होतं? लेटरहेडवर एक पत्र. "मोकळ्या कपाटांच्या लायब्ररीत काही प्रमाणात नुकसान गृहीत धरायचं असतं, ग्रंथपालाचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय वसुली करू नये, गहाळ पुस्तकं रीतसर निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदीतून काढून टाकावीत." तीन ओळी. यासाठी नवीन संघटना लागते?

लोक म्हणतील, जुन्यांनी ऐकलं नाही म्हणूनच नवीन निघतात. बरोबर आहे, तसं घडलेलं आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १८७६ ची. १९०९ मध्ये जॉन कॉटन डाना यांनी स्पेशल लायब्ररीज असोसिएशन काढली, आणि हा माणूस आधी त्याच जुन्या असोसिएशनचा अध्यक्ष राहिलेला. कंपन्यांतल्या, कचेऱ्यांतल्या ग्रंथपालांचं काम वेगळं, प्रश्न वेगळे, तिथे त्यांना जागा नव्हती. तेव्हा ती फूट योग्यच होती, मानते मी. पण पुढे? त्याच स्पेशल लायब्ररीज असोसिएशनने २०२५ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. शंभरावर वर्षं चाललेली संघटना. ब्रिटनमध्ये तर २००२ मध्येच लायब्ररी असोसिएशन आणि इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन सायंटिस्ट्स एकत्र आल्या आणि त्यांची मिळून सिलिप ही एकच संघटना झाली. अमेरिकेत २०२० मध्ये असोसिएशनच्या तीन विभागांचा मिळून एकच विभाग केला. म्हणजे ज्यांनी हे सगळं आधी करून पाहिलंय ते एकत्र येतायत आणि आपण तुकडे पाडतोय!

आणि जुन्या संघटनेला आतून हलवता येतं हो. मेल्विल ड्युई म्हणजे त्या अमेरिकन असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक, ज्याची पुस्तकं विषयवार लावायची दशांश पद्धत आपण सगळे ग्रंथपाल शिकलो. बायकांशी गैरवर्तनाच्या तक्रारी त्याच्या हयातीतच झाल्या होत्या, ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांबद्दल त्याने काय केलं तेही लपलेलं नव्हतं. तरी त्यांच्या मोठ्या पुरस्काराला त्याचंच नाव. ते निघालं २०१९ मध्ये. खूपच उशीर झाला, लाजिरवाणा उशीर. पण काढलं कुणी? सभासदांनीच आत राहून ठराव आणला आणि पुढे कौन्सिलने, म्हणजे असोसिएशनच्या कारभारी मंडळाने, तो मंजूर केला. कुणाला बाहेर पडून "ड्युईविरोधी ग्रंथपाल महासंघ" काढावा लागला नाही.

त्याच असोसिएशनशी जोडलेला, मेरिट आडनावाच्या माणसाच्या नावाने असलेला मेरिट फंड म्हणून एक निधी आहे, १९७० पासूनचा. वाचनस्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहिल्यामुळे नोकरी गेली, भेदभाव झाला, तर त्या ग्रंथपालाला यातून पैशाची मदत मिळते. घरभाडं, औषधपाणी, असल्या गोष्टींना. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं खरंच. कारण कुणीतरी बसून विचार केला की पुस्तकांबरोबर पुस्तकं सांभाळणारा माणूसही असतो, त्याला घर असतं. आपल्या संघटनांचे ठराव काढून बघा, ग्रंथालयांचं भवितव्य, ग्रंथालयांचं संगणकीकरण, वाचनसंस्कृती. ग्रंथपाल कुठाय त्यात? इफ्ला म्हणजे ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, त्याच्या २०१२ च्या आचारसंहितेत सहकाऱ्यांशी आणि मालक-नोकरांतल्या संबंधांबद्दल वेगळा भाग आहे. तो आपल्या किती पदाधिकाऱ्यांनी वाचलाय?

हे लिहिता लिहिता मध्येच थांबून ताईंना फोन केला. वाटलं त्याही माझ्यासारख्याच चिडल्या असतील. तर त्यांनी पहिलं विचारलं, "वर्गणी किती आहे गं त्यांची?" मी म्हटलं, ताई, तुम्ही परत भरणार? तर म्हणाल्या, "नवीन आहेत ना, कदाचित उत्तर तरी देतील."

मला पुढे बोलताच आलं नाही. इतकी साधी अपेक्षा आहे बाईंची, उत्तर. न्याय नाही, पैसे परत नाहीत, नुसतं उत्तर. सकाळी यादी बघून त्यातल्या माणसांबद्दल मनात जे आलं होतं ते आता तेवढं राहिलेलं नाही. त्यांच्यातही कुणीतरी असेल ज्याच्या पत्राला उत्तर आलं नव्हतं. असेलच. पण मग मित्रांनो, तीच चीड घेऊन आहे त्या संघटनेच्या सभेत या ना. तिथे हिशोब आहे, नोंदणी आहे, सभासदांची यादी आहे, सरकारदरबारी नाव आहे. हे सगळं नव्याने उभं करण्यात तुमची उमेदीची वर्षं जातील आणि तोवर अजून किती कपाटांना कुलपं लागतील.

मी काय करणार ते सांगते. आमच्या संघटनेची कार्यकारिणीची निवडणूक येतेय. जो कुणी मत मागायला येईल त्याला मी एकच विचारणार आहे, सभासदाने मदत मागितली तर किती दिवसांत उत्तर देणार आणि ते देणारा माणूस कोण, नाव सांगा. लेखी द्या. जो देणार नाही त्याला माझं मत नाही, मग तो कितीही जवळचा असो. आणि गहाळ पुस्तकांच्या वसुलीविरुद्ध पत्राचा एक नमुना मी आज रात्री बसून लिहितेय, निवडून येणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत तो मंजूर करावा असा ठराव मांडणार. अनुमोदनाला सही लागेल. सभासद असाल तर इनबॉक्समध्ये नाव पाठवा. नवीन संघटनेतले असाल तरी पाठवा.